सोनियाचा पहिला शब्द

आई गेली तशी सोनियानं तोंड मिटलं. सहा वर्षांची पोर, बाप मुंबईला. माणच्या वाडीवर चुलती मंगलनंच तिला पोटाशी धरलं. मंगलची कूस उजवली नव्हती. पोरीची वेणी घालावी, दुधात भाकरी कुस्करून भरवावी, आणि सांजवात लावताना देवाला एकच मागणं घालावं, "बिरोबा, हिच्या तोंडून एकदा काकी ऐकू दे."

पण पोर बोलली ती अपूर्वा मॅडमजवळ. मुलांच्या मनाचं दुखणं बघणाऱ्या ह्या बाई सांगलीहून दर गुरुवारी अंगणवाडीत यायच्या. गोळी नाही, सुई नाही. मातीची जनावरं मांडून पोरांशेजारी नुसतं बसायचं. सोनियानं त्यातली मेंढी उचलली नि हळूच म्हणाली, "ही आई."

मॅडमचे डोळे भरून आले. दारातल्या मंगलला मात्र ते सोसलं नाही. दिवसरात्र खस्ता काढल्या मी, आन् शब्द हिच्या पदरात!

पुढच्या गुरुवारी तिनं निरोप धाडला, "पोरीला ताप हाय." खोटं बोलले म्हणून देवापुढं कान धरले, पण निरोप काही माघारी घेतला नाही.

त्याच दुपारी मेंढरांपाशी नवऱ्यानं, भाऊसोनं, हाक मारली. एका मेंढीची कास आटली होती. तिच्या कोकराला दुसरीचं दूध पाजायचं होतं. मंगलनं दुसरीचं डोकं गुडघ्यात धरलं, भाऊसोनं कोकरू सडाला लावलं. ते चुटूचुटू पिऊ लागलं तशी खुंट्याला बांधलेली आई दाव्याला हिसके देत बेंबाटू लागली.

"गप की गं भवाने!" मंगल तिच्यावर खेकसली. "पिऊ दे की त्याला. पिऊन तुज्याकडंच येनार हाय न्हवं?"

बोलली आणि तिचे हात सैल पडले.

"आगं, धर की नीट!" भाऊसो ओरडला.

"तुमीच धरा," म्हणत तिनं सोनियाला काखोटीला मारलं नि अंगणवाडी गाठली. मॅडम खेळणी आवरत होत्या.

"ताप उतरला का?"

"ताप न्हवताच, मॅडम. ती तुमच्याजवळ बोलल्याली मला बघवंना, म्हनून घरी ठिवली."

मॅडम पिशवी पुन्हा उघडून म्हणाल्या, "आज तुम्हीपण बसा."

सोनियानं मंगलचा पदर धरून तिला आत ओढलं. बोलली काहीच नाही. मंगल बसली, पण बसली ती पोरीच्या आणि मॅडमच्या बरोब्बर मधोमध.