शून्य रुपयांचं तिकीट

जुन्या जर्नलमधून काल बसचं एक तिकीट खाली पडलं, शून्य रुपये छापलेलं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली त्याच पावसाळ्यात मला निपाणीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कबूल केलेली स्कूटी रद्द झाली. "तुला बस फुकट हाय की गं. दादाला तिकीट पडतंय," म्हणत आप्पांनी मोटारसायकल घेतली ती दादाला. प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी आम्ही नऊ पोरी सदलग्याजवळच्या फाट्यावर उभ्या होतो. शेजारच्या रानात उसाचा पाला पेटवला होता आणि काळी राख ओढण्यांवर येऊन बसत होती. पहिली बस आम्हाला बघून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून गेली. दुसरीही तशीच गेली. नुसत्या बायका दिसल्या की ड्रायव्हर थांबायचेच नाहीत. दादाला फोन केला, तर तो गाडी घेऊन मित्राबरोबर कोल्हापूरला निघालेला. तिसरी बस थांबली, तीही एका म्हाताऱ्या माणसानं हात केला म्हणून. कॉलेजात पोहोचले तेव्हा लॅबचं दार लागलं होतं. माझं वर्ष गेलं. आप्पा एवढंच म्हणाले, "लवकर निघायचं न्हाय व्हय?" आता माझ्या पगारातली स्कूटी आहे. परवा दवाखान्यात जाताना मागं बसलेले आप्पा म्हणाले, "बरं झालं गं, गाडी हाय. बसचं काय खरं न्हाय, हात केला तरी थांबत न्हाय." मी आरशात त्यांच्याकडं बघितलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.