अंबाड्यातला आकडा

कोमट खुरासणीच्या तेलाचा वास आला की मला शेणवे गावातलं आमचं अंगण आठवतं. आई लग्नात धवळे गायची. तिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नसे. चाळीस सालाच्या आसपास, ऐन लग्नसराईत, मळ साचून तिच्या एका कानाला दडे बसले आणि बरोबर गाणाऱ्या जोडीदारणीचा सूर तिला ऐकू येईना. शेजारची काकी केसांतला आकडा काढून म्हणाली, "ये गो, कोरून काढते." आई म्हणाली, "आकडा नाय, काडी नाय. कान फुटला तं गाऊ कशी?" रोज ती कोमट तेल मनगटावर पारखायची, माझ्याकडून दोन थेंब कानात घालून घ्यायची आणि कुशीवर पडून राहायची. गावात लग्न होतं, त्या सकाळीही कान बंदच होता. काकी पुन्हा आली. आईने तिच्या हातातला आकडा घेतला, स्वतःच्या अंबाड्यात खोचला आणि परत आडवी झाली. वाजंत्री वाजली तेव्हा ती कूस बदलून उठली, आणि मऊ झालेला मळ तेलाबरोबर पदरावर ओघळला. मांडवात ती आकड्यासकटच गेली, आणि पहिल्याच ओळीला तिने जोडीदारणीचा सूर पकडला. आता माझ्याही कानाला दडे बसलेत. काल सून आकडा घेऊन आली. "आण इकडे," म्हटलं, आणि तो माझ्या अंबाड्यात खोचला.