लसणाचा वास असलेला अंगठा

लसूण सोलायला बसले की माझ्या पोटावरच्या व्रणावरून अजूनही तो अंगठा फिरतो. दोन बाळंतपणांनंतर सुटलेलं पोट मी नागपूरला जाऊन ऑपरेशननं नीट करून घेतलं होतं आणि लाजेखातर घरी सांगितलं होतं की गाठ काढली. ते ऐकून सासूबाई बोरी अरबहून यवतमाळला धावत आल्या. टाके सुकल्यावर व्रणावर रोज मलम चोळायचं होतं; ते काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. दुपारी लुगड्याला हात पुसत येत आणि लसणाचा वास असलेला अंगठा या कमरेपासून त्या कमरेपर्यंत हळूहळू फिरवत. "एवढं कापलं, म्हणजे केवढी गाठ असन वं माय!" एकदा चोळता चोळता त्यांनी दुसरा हात स्वतःच्या पोटावर दाबून धरला. "आई, तुमचं पोट दुखून राह्यलं काय?" मी विचारलं. "माह्यं काही नाही. पयले तू तं बरी होय." तेव्हाही मी खरं बोलले नाही. माझा व्रण फिका पडेपर्यंत त्या राहिल्या. गावी परतल्यावर तपासणी झाली, तेव्हा गाठ त्यांच्या पोटात निघाली आणि फार उशीर झाला होता. माझा व्रण आता केसाएवढा उरलाय. डॉक्टर म्हणतात, फार छान काळजी घेतलीत.