सलीमभाईंची लाल पाटी

पेंटरच्या दुकानात किस्से साचत जातात, डब्याच्या कडेला रंग साचतो तसे. शाळेच्या पाटीसाठी मी चौसाळ्यात सलीमभाईंकडे खेटे घालायला लागलो आणि माझ्याकडेच ढीग जमला!

आमची शाळा हायवेला लागून. मध्यंतरी रस्ता ओलांडताना पहिलीतल्या एका पोरीची चप्पल निसटली आणि जीपखाली गेली. पोरगी वाचली, पण आम्हा मास्तरांना त्या दिवशी घास गेला नाही.

म्हणून आम्हीच पाटी रंगवली. गुलाबी, कडेला फुलं, मधे 'वाहने सावकाश चालवा'. एक जीपवाला थांबला खरा. म्हणाला, "सर, ब्युटी पार्लर कुठंशी हाय?"

*

सलीमभाई पोट धरून हसले. "आमच्या किराणावाल्या शेठला बी 'नो पार्किंग' आकाशीच पायजे होतं. शटरला मॅचिंग!"

त्या पाटीखाली लोक निवांत गाड्या लावायचे. शेवटी भाईंनी गोल पाटी केली, लाल कडा, तिरपी लाल रेघ. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतःच स्टँडवरून उन्हात चालत आले.

"कावून शेठ, गाडी कुठंय?"

"दुकानापुढं पाटी हाय न!"

*

नेकनूरच्या वाटेवर रफिक सीताफळं विकतो. गाड्या त्याच्यापुढून भुर्रकन निघून जायच्या. भाईंनी त्याला लाल कडेचा त्रिकोण करून दिला, मधे नुसतं सीताफळ. आता जो तो ब्रेक मारतो!

"पुढं काय डेंजर हाय का?" एका ड्रायव्हरनं घाबरून विचारलं.

"पुढं काय न्हाई. जे हाय ते हितंच हाय. लई गोड हाय, खाऊन बघा!"

*

मग आमची पाटी. भाईंनी पत्र्याचा अष्टकोन कापला, लालभडक रंगवला, खाली दांडा बसवला. पोरांना रस्ता पार करून द्यायचं काम खिचडी शिजवणाऱ्या कांतामावशींकडे. शाळा सुटायच्या वेळेला त्या स्वतःच भाईंच्या दुकानातून पाटी उचलून घेऊन आल्या.

"टरक माझं ऐकंल व्हय, सर?" असं म्हणत मावशी रस्त्याच्या मधोमध गेल्या.

पाटी वर गेली. समोरून उसाचा ट्रक. मला पाटी दिसतच नव्हती, फक्त ट्रक दिसत होता. तो करकचून थांबला. मागं एसटी थांबली. तिच्या मागं सायरन वाजवत आलेली पुढाऱ्याची गाडी, तीही थांबली! पोरं हात धरून रांगेनं पलीकडं गेली. ती पहिलीतली पोरगी तर ड्रायव्हरला टाटा करून गेली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात सलीमभाई पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन धापा टाकत आले.

"मावशी, कावून आणली? अजून 'थांबा' लिवायचं राहिलंय तिच्यावर!"

मावशींनी पाटीकडं पाहिलं. मग थांबलेल्या गाड्यांकडं.

"अन् आता कुणासाठी लिवता?"