तात्यांची रेघ

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. एका गालावर फेस, दुसरा गाल साफ. त्यांच्या थोरल्या मुलाचा आवाज होता, ‘काका, तात्या गेले. सकाळी च्या घेतला, आन् बसल्या जागीच...’ पुढचं मी ऐकलंच नाही. गळ्यातलं फडकं भिरकावलं, तोंड पुसलं आणि गाडीला किक मारून आमच्या कळसच्या वाटेला लागलो. दाढी अर्धीच झालीय हे मला वेशीत कोणीतरी सांगितलं. आता काय करणार? तसाच जाऊन साऱ्या गावासमोर, ओसरीवर ठेवलेल्या तात्यांसमोर उभा राहिलो. ‘अर्ध्या रंगावर एंट्री घेतलीस व्हय रं मर्दा?’ असं ते नक्की म्हणाले असते. ते मनात आलं आणि मला चक्क हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच मी पोरासारखा रडायला लागलो.

तात्या म्हणजे आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकाचे सर्वेसर्वा. तसे शेतकरी, ऊस, म्हशी, कारखान्याचे सभासद, सगळं रीतसर. पण जत्रा जवळ आली की उसाला पाणी दिलं काय न् नाही काय, त्यांना पत्ता नसायचा. आणि मी त्यांची नायिका! होय, मीच. पुढं एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला तो मी, दर जत्रेला मिशी भादरून त्यांच्या नाटकात राणी व्हायचो. गावातली एकही बाई तेव्हा स्टेजवर यायला धजत नव्हती, आणि धजली असती तर घरच्यांनी तंगडी मोडून हातात दिली असती. माझा रंग गोरा आणि कंबर बारीक, एवढाच माझा गुन्हा. बारामती-इंदापूर गाडीवर असताना गाववाले भर गर्दीत ओरडायचे, ‘राणीसाहेब, एक इंदापूर द्या!’ मी तिकीट फाडायचो आणि मनातल्या मनात तात्यांना शिव्या घालायचो. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.

तालमी त्यांच्या अंगणात, म्हशींच्या धारा उरकल्या की. तालमीचा पहिला दिवस म्हणजे रेघेचा दिवस. कबड्डीच्या मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की तात्या मुठीत घ्यायचे आणि वाकून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचे. रेघेच्या आत चपला घालून पाय टाकायचा नाही. एकदा सरपंच बोलत बोलत आत आले, तर त्यांनाही मागं सारलं, ‘सरपंच तिकडं. हितं फकस्त सोंग!’ मी वैतागून विचारलं, ‘तात्या, एवढं काय सोनं लागलंय त्या रेघेला?’ तर म्हणाले, ‘नाटक कुठनं आलं ठावं हाय का तुला? आरं, माणसाला धड बोलाय येत नव्हतं तवा एकजण शिकार करून आला. बाकीची जाळाभवती बसल्याली. ह्यो उठला आन् डुक्कर कसं अंगावर आलं ते करून दावलं. आधी डुक्कर झाला, मग सोता झाला. बाकीची बघत ऱ्हायली. त्येच्यात आन् त्यांच्यात जी जागा सुटली, ती ही रेघ. एक करणारा, एक बघणारा, मधी रेघ. झालं नाटक! पडदा, पेटी, मुकुट ही समदी मागनं आल्याली पावनी मंडळी.’

‘आणि संवाद?’ मी विचारलं, कारण माझे पाठ नव्हते.

‘ते तर लईच मागनं,’ म्हणून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, ‘पर आता आल्यात तर पाठ कर.’

नाटकाचे प्रकार त्यांनी स्वतःपुरते सोपे करून ठेवले होते. पौराणिकाला मुकुट लागतो, ऐतिहासिकाला तलवार, सामाजिकाला टेबल-खुर्ची. आणि टेबल-खुर्ची शाळेतून फुकट मिळते म्हणून हल्ली सामाजिकं फार होतात, असं म्हणायचे. पण खरा जीव होता तो या सगळ्याच्या आधीच्या गोष्टींवर. कुणाच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ असला की तात्या आमंत्रण असो नसो, पुढं मांडी ठोकून बसायचे. संबळ घुमायला लागला आणि देवीची कथा सांगता सांगता गोंधळ्यानं एकदम राक्षस होऊन डोळे वटारले की माझं मनगट दाबायचे. ‘बघ, बघ... सांगणारा गोष्टीत शिरला. हितनं नाटक सुरू.’ भारूड असो, तमाशातली बतावणी असो, नाहीतर दारात आलेला बहुरूप्याचा खोटा फौजदार, तात्यांना पाहायचा असायचा तो माणसानं दुसरं कोणी होण्याचा क्षण.

आणि या माणसाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्यांचं एकही नाटक कधी समोरून पाहिलं नव्हतं. मला नऊवारी नेसवायचं काम त्यांचं. स्टेजच्या मागं कनातीच्या आडोशाला, ओठांत टाचण्या धरून त्या माझ्या निऱ्या करायच्या. लुगडं त्यांचंच, बोरमाळ त्यांचीच. टाचण्यांमधूनच दम भरायच्या, ‘पोट आत घ्या भावजी. राणी हाय का म्हस?’ प्रत्येक अंकाला वेगळं लुगडं, त्यामुळं नाटक संपेपर्यंत त्यांची सुटका नसायची. पुढं लोक खदाखदा हसायचे, बायका नाकं ओढायच्या, आणि वहिनी कनातीच्या भोकाला डोळा लावायच्या. तिथून दिसायची ती माझी पाठ. एकदा माझ्यासमोरच त्या तात्यांना म्हणाल्या, ‘आवो, आवाज समदा आयकलाय मी. येकदा म्होरं बसून बघू द्या की मला.’ तात्या घाईत होते. म्हणाले, ‘फुडच्या जत्रंला बस.’ पुढच्या जत्रेला पुन्हा राणी, पुन्हा निऱ्या, पुन्हा तेच उत्तर. मग जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, त्याच्यामागून डीजे आला, नाटक बंद पडलं आणि वहिनींचं पुढं बसणं राहूनच गेलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण गप्पांत जत्रेचं नाटक निघालं की त्या कपबश्या उचलून आत जायच्या आणि तात्या एकदम उसाच्या भावावर घसरायचे, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

गेल्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. ज्यांच्या एका हाळीनं पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठायची, ते तात्या नुसतं ‘आ... आ...’ करायचे. मला ते बघवत नव्हतं. जायचो, शेजारी बसायचो, कारखान्याच्या चार गोष्टी सांगून उठायचो.

मागच्या थंडीत एका दुपारी असाच उठायला लागलो, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. अगदी गोंधळाच्या वेळी धरायचे तसं. अंगणाकडं बोट केलं आणि हवेत आडवी रेघ ओढली. मला कळलं! गोठ्यात गेलो, कोपऱ्यात अर्धं पोतं होतं, पांढरं दिसलं, ओंजळीनं घेऊन रेघ मारायला लागलो. तात्या ओसरीवरून जोरजोरानं हात हलवत होते. मला वाटलं, अजून टाक म्हणतायत. मी अजून टाकलं. मग त्यांनी खुर्चीकडं खूण केली. ती मी रेघेच्या अलीकडं ठेवली. वहिनी दारात उभ्या होत्या. तात्यांनी त्यांच्याकडं बोट केलं, मग खुर्चीकडं. ‘मी? आन् चुलीवर दूध हाय त्येचं काय?’ तात्यांनी पुन्हा खुर्ची दाखवली. वहिनी पदर सावरत आल्या आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या.

तात्या काठी टेकत, अनवाणी, रेघेच्या आत आले. मला ओढून मधे उभं केलं. काठी माझ्या हातात दिली. मग नसलेल्या टाचण्या एक एक करून ओठांत धरल्या, डाव्या हातानं माझ्या प्यांटीच्या निऱ्या करायला लागले, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्या पोटात असं बोट खुपसलं की मी कळवळलो. वहिनी किंचाळल्याच, ‘आगं बया, ही तर मी!’ आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तात्या थांबले नाहीत. खुरडत कडेला गेले, वाकले, अंगठा आणि बोट जुळवून भोक केलं आणि त्याला डोळा लावला. मान इकडं केली, तिकडं केली. टाचा उचलायला गेले, झोक गेला, मी पुढं धावलो, माझा खांदा धरून सावरले. पुन्हा डोळा लावला. काही दिसेना. मग हात पदराला पुसल्यासारखा करून, मान खाली घालून, गुपचूप निऱ्यांकडं परत आले. वहिनींचं हसू थांबलं होतं. ‘तुमी बघत हुता मला?’ त्या म्हणाल्या. ‘येवढ्या वर्सांचं... ध्यानात हाय तुमच्या?’ तात्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि नाटक संपल्यावर वाकायचे तसे वहिनींपुढं वाकले. वहिनी एकट्याच टाळ्या वाजवत राहिल्या. दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत. मग खाली नजर गेली आणि ओरडल्या, ‘आवो भावजी, ही कुठली फक्की? युरिया हाय ह्यो!’ तात्या इतके हसले, इतके हसले की मला त्यांना धरून खाली बसवावं लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

परवा पुन्हा कळसला गेलो. वहिनी रोज अंगणात सडा घालतात. अंगणातली हरळी सगळी वाळून बसलीय, पण मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवीगार रेघ उगवलीय. जरा वाकडीच, कारण मारणारा मी. अलीकडं तीच खुर्ची, आणि खुर्चीत वहिनी. मी ओसरीवरून दुसरी खुर्ची ओढायला लागलो तर म्हणाल्या, ‘हितं मी बसत्या. तुमची जागा तिकडं.’ मी चपला काढल्या आणि रेघ ओलांडून आत जाऊन उभा राहिलो. आता इथं काय करायचं, कळेना. शेजारची तात्यांची जागा रिकामी होती. वहिनी बराच वेळ त्या जागेकडं बघत होत्या, मग त्यांनी माझ्याकडं नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘पदर घ्या नीट. सरकलाय.’

आणि मी घेतला.