उरलेलं भांडण उद्या

आमच्या गल्लीतल्या रात्रपाळीच्या सिस्टरइतकी भांडखोर बाई कृष्णेच्या दोन्ही काठांना मिळून दुसरी झाली नसेल. सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मागच्या अंगाला डॉक्टरांनी हात टेकलेल्या रोग्यांची एक खोली होती. तिथं त्यांची कायमची रात्रपाळी, त्यामुळे त्यांचा दिवस आमच्या उलटा चाले. दिवेलागणीला आम्ही हातपाय धुवायचो तेव्हा सिस्टर दारात राखुंडीनं दात घासत उभ्या. आमची जेवणं व्हायची तेव्हा त्यांचे पोहे परतले जात. भर दुपारी कल्हईवाला ओरडला, तर खिडकी उघडून त्याचा असा उद्धार करायच्या, की पुढच्या खेपेपासून तो बिचारा गल्लीच्या तोंडाशीच मुकाट्यानं भाता मांडून बसू लागला. एवढं करून, "मी आपली कुणाच्या अध्यात न्हाई आन् मध्यात न्हाई," हे वर.

गल्लीत भांडतात ते ठीक, पण ही बाई मरणाच्या दारातल्या माणसांशीही भांडते हे मला दुष्काळानंतरच्या वर्षी कळलं. साताऱ्याकडचे माझे चुलते अण्णा, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार आणि ऊसवाले बागायतदार, त्या खोलीत दाखल झाले आणि सोबतीला मी राहिलो. फौजेतला मुलगा सिलिगुडीहून निघाल्याची तार आली होती. तो डोळ्यांनी दिसावा, एवढीच अण्णांची इच्छा उरली होती. तितके दिवस निघतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

पहिल्याच रात्री सिस्टरनी त्यांचं अंग पुसता पुसता गाव विचारलं. अण्णांनी कसंबसं सांगितलं.

"म्हंजे आमच्या मेंढरांवर ऊस खाल्ल्याचा आळ घेणारं गाव," सिस्टर म्हणाल्या. त्या जतकडच्या, कोरडवाहू मुलखातल्या.

धड पाणीसुद्धा न मागणारे अण्णा उशीवरून मान उचलू लागले. "आळ? आवं, माझ्या बाच्या देखत उसाच्या दोन सऱ्या साफ केल्या तुमच्या मेंढरांनी."

"आन् त्यांच्याच लेंड्यांच्या खतावर तुमचा ऊस पोसला, त्ये न्हाई दिसलं?"

अण्णांना नेमकं उत्तर सुचलं तोच सिस्टरनी त्यांच्या अंगावर चादर ओढली. "उरलेलं उद्या."

दुसरा अख्खा दिवस अण्णा मुद्दे जुळवत पडून होते. मधून मधून मला विचारायचे, "ती बाई कवा येणार रं?" मग रोजच हा खटला चालू झाला. प्रत्येक खाटेशी सिस्टरचं असं एकेक भांडण अर्धवट पडलेलं असायचं. शेजारच्या आजीबाईंशी पुरणात गूळ किती घालायचा यावरून चाललेलं तर गेल्या दिवाळीपासूनचं होतं.

मुलाची गाडी वाटेत कुठंतरी अडकली. एका रात्री अण्णा अगदी थकून म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुमचंच खरं. मेंढरांनी काय खाल्लं न्हाई."

मला वाटलं, बाई खूश होणार. पण त्यांचा चेहरा उतरला. अण्णांच्या मनगटावरचा हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "खाल्लं न्हाई कसं? दोन न्हाई, चार सऱ्या खाल्ल्या. माझ्या बानं सांगितलंय मला."

अण्णांनी डोळे उघडले. "चार? माझ्या रानात? दोनच व्हत्या."

मग ती दोघं उजाडेपर्यंत एकमेकांची बाजू घेऊन भांडली. अण्णा मेंढरांचे वकील, सिस्टर उसाच्या. सकाळी मिरजेहून ट्रंक घेऊन मुलगा आला. त्याचा हात घट्ट धरून अण्णा पहिलं वाक्य बोलले ते, "ही बाई लय खोटं बोलती." त्याच संध्याकाळी, मुलगा उशाशी असताना, ते शांतपणे गेले.

तेरावं आटोपून मी सांगलीला परतलो तेव्हा सिस्टर कामावर निघाल्या होत्या. मी विचारलं, खरंच मेंढरं उसात शिरली होती का?

"मला काय म्हाईत? माझा बा शाळामास्तर. आमच्या घरात शेळी सुदिक न्हवती." त्या हसल्या नाहीत. पदर खोचत म्हणाल्या, "अण्णा लय चांगलं भांडायचे. आता त्यांच्या खाटेवर माधवनगरच्या गिरणीतला एकजण आलाय. भिंतीकडं तोंड करून पडतोय नुसता. मागावर सूत तुटलं तर काय करत्यात वो?"

"बहुतेक गाठ मारतात."

"बरं झालं. मग मी म्हणीन, मारत न्हाईत."

आणि त्या भराभर चालू लागल्या. कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या, तेव्हा मला अण्णांची फार आठवण आली.