जळक्या ट्यूबचा उजेड

हाशिमच्या संशयातून कुणीच सुटलं नव्हतं. नारपोलीच्या कापड कारखान्यात, लूमच्या खडखडाटात जॉबर म्हणून मशिनं दुरुस्त करता करता त्याचे कान गेले. कान गेल्यावर चार माणसं कुठे हसली की ती आपल्यालाच हसतात, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी भिवंडीत लाईट गेली की लवकर यायचं नाव नसे. हाशिमने भंगारातून एक ट्रान्झिस्टर आणि जुन्या टीव्हीतला फेराइटचा गाभा आणला. गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घातले. आत बॅटरीचे बारा व्होल्ट, बाहेर शेकडो. आधी काहीच होईना. मग तारेच्या एका गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली, आणि लोकांनी फेकून दिलेली जळकी ट्यूब लख्ख पेटली.

आता कौतुक व्हायला नको? शेजारी आले आणि चहा अर्धा टाकून उठले. सून अफीफा तर ट्यूब लागली की तान्हीला उचलून बाहेर ओट्यावर अंधारात जाऊन बसायची. नात आजोबाच्या मांडीवर आली की रडायची. पढवलंय पोरीला, हाशिमने ताडलं. म्हातारा घरात नकोय हिला. आपल्याला बहिणीकडे धाडायचं घाटत असणार. त्याला जेवण गोड लागेना.

एका संध्याकाळी अफीफा नळावर होती आणि नात त्याच्या मांडीवर. लाईट गेली. त्याने ट्यूब लावली. पोरीने भोकाड पसरलं. घाबरून त्याने बटण बंद केलं, ती शांत. पुन्हा लावलं, पुन्हा तोंड वेडंवाकडं. मांडी तीच होती, आजोबाही तोच.

अफीफा हंडा घेऊन आत आली.

"या ट्यूबचा आवाज येतो?" त्याने विचारलं.

ओठ दिसावेत म्हणून ती समोर बसली. "येतो, अब्बा. बारीक शिट्टी. कानात सुई घातल्यासारखी."

"मग बोलली का न्हाय?"

"तुमी एवढ्या हौसेनं बनवली. आन् कानाचा विषय काढला की तुमी जेवत न्हाय."

हाशिमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेढे कमी केले की शिट्टी आणखी बारीक होत जाते आणि शेवटी माणसाच्या कानापलीकडे जाते, एवढं त्याला ठाऊक होतं. पण ती गेली हे त्याला कळणार कसं? त्याने सुनेलाच समोर बसवलं. थोडे वेढे काढायचे, ट्यूब लावायची, तिच्याकडे बघायचं. ती नुसती मान हलवायची, अजून येतोय. पुन्हा वेढे, पुन्हा तिचा चेहरा.

अखेर तिने हाताचा पंजा आडवा धरला. लूम थांबला की कारखान्यात कामगार जॉबरला हीच खूण करतात. त्या खुणेवर हाशिमने जन्मात भरवसा ठेवला नव्हता. स्वतः जाऊन, मशिनवर हात ठेवून खात्री करून घ्यायचा.

नात मागे झोळीत होती. झोपलीय की रडतेय, मान वळवली असती तर कळलं असतं.

हाशिमने मान वळवली नाही. चिकटपट्टी घेतली आणि वेढे कायमचे बांधून टाकले.